सांबऱ्याला (बेळगावच्या विमानतळावर) विमान कधी उतरणार? सोसायटी ग्रुपवरची चर्चा

२०२ वहिनी: आज संध्याकाळी सांबऱ्याला कोण निघालंय काय? मुलगी येऊलीय बेंगळूरहून, नातू आहे सोबत. कंपनीच्या साइटवर ६:५० ला पोचणार, ऑन टाइम दाखवूलंय आणि ती फोनवर म्हणते अजून बोर्डिंगची अनाउन्समेंटच नाही, मग आम्ही घरातनं निघायचं कधी तेच कळेना झालंय

१०१ आजोबा: ऑन टाइम म्हटलंय ना मग निघा वेळेवर. चन्नम्मा सर्कलला ट्रॅफिक असतंय यावेळी.

बाळूअण्णा टॅक्सी: वहिनी फ्लाइट नंबर टाका बघू

२०२ वहिनी: 📷

सेक्रेटरी: तिकिटाचा फोटो लगेच डिलीट करा!! पीएनआर आणि आडनाव दोन्ही दिसतंय, तेवढ्यावर कुणीपण बुकिंग उघडू शकतो. नुसता नंबर टाइप करा.

२०२ वहिनी: डिलीट केलं. नंबर बाळूअण्णांना पर्सनल पाठवलाय

बाळूअण्णा टॅक्सी: बघितला. वहिनी निवांत चहा करा, गडबड नको. तुमची मुलगी ज्या विमानात बसणार ते विमान अजून बेंगळूरलाच पोचलेलं नाही, हवेत आहे, दुसऱ्या गावाहून येऊलंय. विमानं दाखवणाऱ्या ॲपच्या नकाशावर ५:५० च्या आसपास उतरेल असं दाखवतंय. आता हिशोब करा, उतरल्यावर आतली माणसं खाली येणार, सामान काढणार, साफसफाई, इंधन, मग आपली माणसं चढणार, लहान विमान असलं तरी अर्धा तास कुठं गेला नाही. म्हणजे ६:२० च्या आधी दार बंद होत नाही, वर धावपट्टीपर्यंत जायला वेळ, मग तासभर प्रवास. पावणेआठ धरा. मी रोज हेच करतो, साइटवरचं ऑन टाइम मी बघतच नाही, विमान कुठं आहे ते बघतो

१०१ आजोबा: मग कंपनी खोटं लिहिते म्हणायचं काय?

बाळूअण्णा टॅक्सी: खोटं नाही ओ काका. त्यांच्या ऑफिसातला माणूस सिस्टीममध्ये नवीन वेळ टाकेपर्यंत जुनीच वेळ दिसत राहते. बेंगळूरसारख्या मोठ्या ठिकाणी ते कधीकधी विमानच बदलून देतात, दुसरं उभं असलेलं लावतात, म्हणून शेवटपर्यंत वेळ बदलत नाहीत. सांबऱ्याहून सुटणाऱ्याला मात्र तो चान्स कमीच, जे येतंय तेच बहुतेक परत जातंय. सकाळी दिल्लीत धुकं पडलं की तेच विमान दिवसभर उशिराने फिरत राहतं आणि इथं आपण म्हणतो बेळगावात तर ऊन पडलंय मग लेट कसं

४०३ दादा: मी पण ॲप टाकलंय आत्ताच. माझ्यात तर १:२० ला पोचणार दाखवतंय 😳 उतरून गेलं की काय

ओंकार ३०१: दादा ते यूटीसी आहे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. साडेपाच तास मिळवा, ६:५० येतंय बघा. सेटिंगमध्ये लोकल टाइम करा. आणि ते मूळ वेळापत्रक आहे, खाली एस्टिमेटेड वेगळं असतंय ते बघायचं

ओंकार ३०१: अजून एक, वेळापत्रकातली वेळ म्हणजे गेटवरनं हलायची आणि गेटला लागायची, आकाशात उडायची नव्हे. म्हणून दहा मिनिटं उशिरा उडालं तरी वेळेवर पोचतंय, वेळ मुद्दाम सैल धरलेली असते. १५ मिनिटांच्या आतला उशीर तर त्यांच्या हिशोबात उशीरच नाही

२०२ वहिनी: ओंकार हे ॲपला कळतं कसं रे कुठलं विमान कुठं आहे?

ओंकार ३०१: विमान स्वतःच ओरडत असतंय काकू, मी इथं आहे म्हणून 😄 जीपीएसवरनं आपली जागा घेतं आणि १०९० मेगाहर्ट्झवर सारखं सोडत राहतं, जवळ ज्याच्याकडे रिसीव्हर असेल त्याला ऐकू येतंय. जगभर हौशी लोकांनी गच्चीवर अँटेना लावलेत आणि नेटवरनं डेटा पाठवतात. फ्लाइटरडार२४ तसंच सुरू झालं, २००६ ला स्वीडनमध्ये दोघा विमानवेड्यांनी. पण सिग्नल सरळ रेषेत जातो, मध्ये डोंगर किंवा बिल्डिंग आली की गेला. त्यामुळे विमान खाली आलं आणि जवळपास कुणाचा रिसीव्हर नसला की नकाशावरनं गायब होतंय. घाबरू नका, पडलेलं नसतंय. म्हणून मी म्हणत होतो सेक्रेटरी काका, आपल्या गच्चीवर एक छोटा अँटेना…

सेक्रेटरी: नाही. टाकीजवळ आधीच गळती आहे. आणि सांबऱ्याला एअरफोर्सचं ट्रेनिंग चालतं, न विचारता असलं काही गच्चीवर उभं करायचं नाही.

ओंकार ३०१: काका ते नुसतं ऐकतंय, पाठवत काही नाही

सेक्रेटरी: तू ऐकतोस तेवढं बास.

१०१ आजोबा: दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी केलेली धावपट्टी ती. तेव्हा कुणाकडे ॲप होतं? आवाज आला की पोरं शेतात पळायची.

४०३ दादा: मस्त आहे हे. उद्या सकाळी माझी हैदराबाद आहे, आता ॲप बघूनच निघणार, उगाच दोन तास आधी जाऊन बसायचं नाही

बाळूअण्णा टॅक्सी: दादा तसं अजिबात करू नका!! हे आणायला जाणाऱ्यासाठी आहे. जाणाऱ्यानं तिकिटावरची वेळच धरायची. ॲपवर दीड तास लेट दिसलं म्हणून तुम्ही आरामात आलात आणि तेवढ्यात कंपनीनं दुसरं विमान लावलं तर काउंटर बंद. मूळ वेळेच्या तासभर आधी बंद करतात, माझी फ्लाइट लेट दाखवत होती हे तिथं कुणी ऐकत नाही. माझ्या गाडीत असं रडलेलं गिऱ्हाईक बघितलंय मी

बाळूअण्णा टॅक्सी: आणि पावसाळ्यात तर ॲपवर पण भरवसा नाही. जुलैत ढग इतके खाली असतात की विमान वर येऊन चकरा मारतं, नकाशावर लांबट गोल गोल दिसतात. तसं दिसलं की मी गाडी पार्किंगमधनं हलवतच नाही, कधी उतरतंय कधी बेंगळूरला परत जातंय, कधी हुबळी नाहीतर गोवा. हुबळी झालं की माझं भाडं वेगळं, हे आधीच सांगून ठेवतो

सेक्रेटरी: सर्वांसाठी: अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं, डीजीसीएचा (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचा) नियम आहे. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरी फ्लाइट नाहीतर पूर्ण पैसे परत. काउंटरवर मागा, आपणहून देत नाहीत.

२०२ वहिनी: मुलीचा मेसेज आला, बोर्डिंग सुरू झालंय. ६:१५

बाळूअण्णा टॅक्सी: म्हटलं होतं की नाही. आपण पावणेसातला निघू, नातवाला भूक लागलेली असेल खायला काहीतरी घ्या. अजून कुणाला सांबऱ्याकडे यायचंय काय, दोन सीट रिकाम्या आहेत, जातानाचं भाडं वाटून घेऊ

१०१ आजोबा: मी येतो. विमान बघायला.

ओंकार ३०१: मी पण. काका अँटेनाचा विषय मीटिंगला घ्या ना

सेक्रेटरी: लेखी अर्ज दे. ग्रुपवर नको.