ओर्गोसोलोची भित्तिचित्रे: पुन्हा रंगवावीत की विरू द्यावीत?

रानवाटा: इटलीच्या सार्डिनिया बेटावर, बार्बाजियाच्या डोंगराळ मुलखात, ओर्गोसोलो हे जेमतेम ४,००० वस्तीचे मेंढपाळांचे गाव आहे. १९६९ मध्ये लष्कराने प्रातोबेल्लोच्या सामाईक कुरणावर गोळीबाराच्या सरावाचे मैदान आखले, तेव्हा बायकापोरांसह गाव त्या माळावर जाऊन बसले आणि लष्कराला माघार घ्यावी लागली. गावातले पहिले भित्तिचित्रही त्याच वर्षीचे. पुढे १९७५ पासून फ्रान्चेस्को देल कासिनो या चित्रकला शिक्षकाने शाळेतील मुलांना हाताशी धरून भिंतीमागून भिंत रंगवली आणि आज चित्रांची संख्या १५० च्या आसपास आहे. पोपडे सुटलेली जुनी चित्रे पुन्हा रंगवण्याला माझा विरोध आहे. रागाच्या भरात काढलेले चित्र पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी उजळत राहिले, की त्याची दुकानाची पाटी होते.

चुनखडी: मुद्दा पटला नाही. ही चित्रे राहत्या घरांवर आहेत आणि घराला आज ना उद्या गिलावा करावाच लागतो. त्यामुळे 'विरू द्या' याचा व्यवहारातला अर्थ 'पुसून टाका' एवढाच उरतो. आपल्याकडे वारली घरात लग्नाचा चौक सुवासिनी दर लग्नाला तांदळाच्या पिठाने नव्याने लिहितात, त्याला कोणी नक्कल म्हणत नाही.

रानवाटा: हे उदाहरण तर माझ्याच बाजूचे झाले! चौक लिहिला जातो तो घरात नवे लग्न असते म्हणून. पाहुणे येणार म्हणून कोणी जुना चौक गिरवत बसत नाही. ओर्गोसोलोतही न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरील हल्ल्यासारख्या पुढच्या घटना भिंतींवर आल्या, त्याबद्दल तक्रार नाही.

ओसरी: बसगाड्यांचा एवढा राग कशासाठी, हे मला उमगत नाही; कुरणासाठी भांडलेल्या गावाने चार पैसे मिळवले तर त्याचा लढा खोटा ठरत नाही. शिवाय आपण दोघेही चित्रांतल्या चेहऱ्यांविषयीच बोलत आहात. यातील कित्येक चित्रांत इटालियन किंवा सार्डिनियन भाषेतला मजकूर आहे आणि तो झडला, तर चित्रातला मोठाल्या हातांचा माणूस कोणावर चिडला आहे, हे गावातल्या पुढच्या पिढीलाही कळणार नाही.

रानवाटा: मजकुराचा विचार मी केला नव्हता. अक्षरे पुन्हा लिहावीत, हे मान्य. चेहऱ्यांवरून मात्र कुंचला फिरवू नये, या मतावर मी अजून ठाम आहे.

चुनखडी: आणि गिलाव्याचे काय?