‘मार्चा नासिओनाल फिलिपिना’ : कूच, चाल की राष्ट्रगीत?

प्रश्न :
फिलिपिन्सच्या स्वातंत्र्ययुद्धावर लेख लिहिते आहे. १२ जून १८९८ रोजी कावित इथे क्रांतीचे नेते एमिलिओ अगिनाल्दो यांच्या घरी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर झालं, झेंडा उलगडला आणि सान फ्रान्सिस्को दे मालाबोन गावच्या बँडने संगीतकार हुलियान फेलिपे यांची रचना वाजवली. तिचं नाव ‘मार्चा नासिओनाल फिलिपिना’. आज तेच त्यांचं राष्ट्रगीत आहे, पण त्या दिवसाच्या वर्णनात ‘राष्ट्रगीत’ लिहिणं मला खटकतं. ‘संचलनगीत’ चालेल का? आणि हा मार्चा म्हणजेच आपला मोर्चा का?

उत्तर १ :
मोर्च्याचं आधी. दोन्ही शब्दांचा संबंध नाही. मार्चा स्पॅनिश, फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ चालणं. मोर्चा आपल्याकडे फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ चालण्याच्या उलट आहे : तोफा रोवून बसण्याची, आडोशाची जागा. ‘मोर्चे लावले’, ‘मोर्चेबांधणी’ यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. घोषणा देत निघालेला जमाव हा अर्थ नंतरचा. तेव्हा लेखात ‘राष्ट्रीय मोर्चा’ मुळीच नको, वाचकाला एखादा पक्ष वाटेल.

‘संचलनगीत’ही नको, कारण त्या दिवशी गीत नव्हतंच. फेलिपे यांनी फक्त स्वर लिहिले होते. होसे पाल्मा यांची ‘फिलिपिनास’ ही स्पॅनिश कविता १८९९ मधली, म्हणजे वर्षभराहून जास्त काळ ही रचना शब्दांवाचून वाजत होती. मी ‘राष्ट्रीय कूच’ लिहीन. ‘दरकूच दरमजल’ वाचलेल्या माणसाला त्यात फौजेची पावलं लगेच ऐकू येतात.

उत्तर २ :
कूच म्हणजे निघण्याची क्रिया. ‘कूच वाजवली’ कानाला बरं लागत नाही. त्यापेक्षा ‘चाल’ घ्या. गाण्याची चाल, पावलांची चाल आणि शत्रूवर केलेली चाल, हे तिन्ही अर्थ मराठीने एका शब्दात ठेवले आहेत, आणि या रचनेत तिन्ही आहेत. अगिनाल्दोंच्या क्रांतिकारकांसाठी ती रचली गेली. तिचं आधीचं नाव ‘मार्चा फिलिपिना माग्दालो’ होतं, माग्दालो म्हणजे कातिपुनान या क्रांतिकारी संघटनेतला अगिनाल्दोंचा गट. पुढे पाल्मांचे शब्द त्या सुरांवर बसवले गेले. चालीवर शब्द बसवणं आपल्याला नवं नाही.

उत्तर १ :
अर्थ पटतो, पण ‘राष्ट्रीय चाल’ म्हटलं की राजकीय डावपेच डोळ्यापुढे येतो. ‘लष्करी चाल’ तर सरळ हल्लाच. शीर्षकात ‘कूच’ असू दे, मजकुरात ‘चाल’ येऊ दे.

उत्तर ३ :
शब्द कोणताही घ्या, पण त्यातली वसाहतीची छाया पुसू नका, एवढं कळकळीने सांगते. मार्च हा प्रकारच स्पॅनिश पलटणींच्या बँडमधून तिथे रुजला. ज्या सत्तेविरुद्ध लढायचं तिच्याच वाद्यांवर, तिच्याच घाटात ही रचना उभी राहिली. तिच्यात स्पेनच्या ‘मार्चा रेआल’ या राजकूचीची आठवण जाणून ठेवली आहे, हे स्वतः फेलिपे यांनी नंतर सांगितलं होतं. हेच फेलिपे १८९६ च्या उठावात स्पॅनिशांच्या कैदेत होते! ‘मार्चा रेआल’लाही अधिकृत शब्द नाहीत, हे साम्य लेखात जरूर यावं. नुसतं ‘राष्ट्रगीत’ लिहिलंत तर हे सगळं झाकलं जातं.

पुढचा प्रवासही शब्दनिवडीला उपयोगी पडेल. स्पेननंतर तिथे सत्तेवर आलेल्या अमेरिकनांनी १९०७ च्या झेंडा कायद्याने क्रांतीचा झेंडा आणि त्याबरोबर हे सूरही सार्वजनिक ठिकाणी बंद केले. त्याच काळात त्यांच्या आधिपत्याखालचा फिलिपिन कॉन्स्टॅब्युलरी (सशस्त्र पोलीस दल) बँड वॉल्टर लव्हिंग या कृष्णवर्णीय अमेरिकन संचालकाच्या हाताखाली नावाजला, १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या शपथविधीसाठी वॉशिंग्टनला गेला. मार्च वाजत होता, वाजत नव्हता तो त्यांचा स्वतःचा. बंदी १९१९ मध्ये उठली. मग इंग्रजी शब्द आले, नंतर तागालोग या तिथल्या भाषेतले. आजचं ‘लुपांग हिनिरांग’, म्हणजे ‘निवडलेली भूमी’, १९५६ पासूनचं. तीन भाषा बदलल्या, सूर फेलिपे यांचेच राहिले.

प्रश्नकर्ती :
मग १९५६ नंतरच ‘राष्ट्रगीत’ म्हणायचं का?

उत्तर ३ :
तितकं उशिरा नको. १९३८ च्या कायद्याने त्याला राष्ट्रगीत म्हणून मान्यता होती. आणि आजचे नियम पाहा : वाद्यांवर वाजवताना दोन-चतुर्थांश ताल (पावलांसारखे दोन-दोन ठोके), गाताना चार-चतुर्थांश (चार-चार ठोके). एकाच रचनेची दोन रूपं तिथे नियमातच मानली आहेत. मराठीतही तसंच ठेवा. बँड वाजवतो ती कूच, लोक गातात ते राष्ट्रगीत.

उत्तर २ :
मान्य. माझ्याकडून वाक्य असं : ‘झेंडा उलगडताच बँडने फेलिपे यांची नवी राष्ट्रीय कूच सुरू केली; तिच्या चालीवर शब्द चढायला अजून वर्ष लागणार होतं.’ इथे ‘वाजवली’ टाळल्यामुळे कूच खटकत नाही. आणि मूळ स्पॅनिश नाव पहिल्या उल्लेखात देवनागरीत पूर्ण द्या, ‘मार्चा’तल्या ‘म’ला काना ठेवून. मुद्रितशोधक त्याचा ‘मोर्चा’ करण्याची शक्यता आहे, तेवढं शेवटच्या प्रुफात तपासा.