गाडीतल्या ओट्यावर काय टाकू? ग्रॅनाइट, स्टील का प्लाय

फिरस्ता_आर्वी
नमस्कार मंडळी. जुनी टाटा विंगर व्हॅन घेतली, सीटा काढल्या, खाली प्लाय टाकून झालं, आता ओट्यापाशी येऊन काम अडून राहिलं. ओटा ५ फूट लांब न दीड फूट रुंद, एका कोपऱ्यात लहान सिंक, दुसऱ्या बाजूनं दोन बर्नरची शेगडी, मधात पोळ्या लाटाले जागा. आई म्हणते काळा ग्रॅनाइट टाक, पुसाले सोपा. फर्निचरवाला म्हणते पीव्हीसी बोर्ड टाक, पाण्याचं टेन्शन नाही. माझं मन स्टीलवर. गाडी उन्हाळाभर अंगणात उन्हातच राहते, शेड नाही, न हिवाळ्यात मेळघाट-ताडोबा फिरायचं डोक्यात हाय. ज्यानं स्वतः केलं त्यानंच सांगा, व्हिडिओ लय पाहून झाले, त्यायच्या देशात ४६ डिग्री होत नाही.

पुसदकर
ग्रॅनाइटचं नाव काढू नको भाऊ. १८ एमएमचा धरला तं तुझ्या साडेसात चौरस फुटाचे ३४ किलो होतात, म्हणजे पाण्याचे दीड कॅन कायमचे एका बाजूले बांधून फिरणं झालं. मी कडप्पा टाकला होता, हट्टानं. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाताना खड्ड्यात आवाज आला, मले वाटलं भांडं पडलं, पाहतो तं सिंकच्या कोपऱ्यातून सरळ चीर. दगडात चौकोनी भोक पाडलं का कोपऱ्यावरच सगळा ताण येते, घरच्या ओट्याले खालून भिंत असते म्हणून तो टिकते, गाडीत तं बुडच हलते.

वरुडची_संत्री
कडप्पा चिरला नाही तरी डाग पडतातच. आमच्या घरच्या कडप्प्यावर संत्रं कापलं की पांढरे वण उठतात, शेवटी तो चुनखडीचाच दगड, आंबट रस त्याला खातो. लिंबू, चिंच, दही सगळ्याचं तेच. ग्रॅनाइटला असं होत नाही, पण वजनाचं वर सांगितलंच आहे.

सुतारकी_चिमूर
दहा-बारा गाड्यायचं आतलं काम केलं, त्यातून सांगून राहिलो, थोडं लांब होईन.

पीव्हीसी बोर्ड हलका असते हा गैरसमज हाय. १८ एमएमचा चांगल्या घनतेचा बोर्ड न १८ एमएमची प्लाय वजनात उन्नीस-बीस, एखाद-दीड किलोचा फरक. पाण्यानं तो सडत नाही हे खरं, पण गरमीचं काय? मे महिन्यात बंद गाडीत हात टेकवत नाही, त्या गरमीत पीव्हीसी नरम पडते न मधात झोल घेते, वरून तू शेगडीवरचं गरम पातेलं ठेवशीन तं गोल छापाच उठन. स्क्रूही त्यात प्लायसारखा पकडत नाही, हादऱ्यानं ढिला होते. भांड्याच्या कप्प्याले वापर, ओट्याले नको.

माझ्या मते १२ एमएमची प्लाय, खाली दर दीड फुटावर आडवी पट्टी. १८ ची गरज नाही, आधार पायजे. तुझ्या मापाले ५-६ किलोत बसते. पण प्लाय आयएस ७१० ची, म्हणजे त्या नंबरच्या सरकारी मानकाची मरीन प्लायच घेजो, आयएस ३०३ वाली नको. ७१० वालीले ७२ तास उकळून चाचणी असते, ३०३ च्या बीडब्ल्यूआरले, म्हणजे उकळतं पाणी सोसणाऱ्या प्लायले, ८ तास. शिक्का कोणीही मारते, म्हणून दुकानातून एक तुकडा माग न घरी पाच-सहा तास पाण्यात उकळ. थर सुटले तं समजून जाय का शिक्काच फक्त ७१० चा होता. मी एकदा असा न उकळता माल घेतला, पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालून फुगला, गिऱ्हाइकानं दोन वर्षं फोन उचलला नाही.

आता खरी गोष्ट. प्लाय वरून मरत नाही, कापलेल्या कडेतून मरते. सिंकचं भोक पाडलं का त्या कडेले इपॉक्सी नाहीतर निदान दोन हात वॉटरप्रूफ पेंट मार, मंग सिंक बसव न सिलिकॉन भर. नळासाठी पाडलेलं भोकही विसरू नको, सगळे तेच विसरतात. वरून १ एमएमचा सनमाईका. पांढरा घेऊ नको, हळदीनं आठ दिवसांत पिवळा होते.

स्टीलवाला_वर्धा
सनमाईका शेगडीखाली नको ना पण. तेवढ्या दोन फुटात स्टीलचा पत्रा ठोका, न मागच्या बाजूनं वर वळवून घ्या म्हणजे फोडणीचं तेल गाडीच्या भिंतीवर जात नाही. पूर्ण ओटा स्टीलचा केला तरी १ एमएममध्ये साडेपाच किलोच आहे, पण खाली प्लाय लागतेच, नाहीतर टिनाच्या छपरासारखा वाजते. न उन्हात उभी गाडी असली तं दुपारी त्यावर कणीक मळून दाखवा मले.

पत्रा ३०४ ग्रेडच्या स्टीलचा मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवते, चिकटत नाही म्हणून ३०४. त्यात काही अर्थ नाही, २०२ या हलक्या ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. केटरिंगवाल्यांची टेबलं बनवणाऱ्याकडे जा, त्याच्याकडे कटपीस पडलेले असतात, कडाही तोच मोडून देते, बोट कापत नाही.

फिरस्ता_आर्वी
लय धन्यवाद. स्टील शेगडीपुरतं, हे पटलं. आता अजून एक डोक्यात आलं, रागावू नका. आपण विदर्भात राहून प्लाय-सनमाईका काऊन टाकावं, सागवान काऊन नाही?

पुसदकर
आधी आरटीओचं पाय. सगळं नटबोल्टवर ठेव, सुटलं पायजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनानं बदल चालत नाही.

फिरस्ता_आर्वी
ते काम एजंटकडे सुरू हाय दादा, इथं फक्त ओट्याचं बोलू.

मूलचा_मास्तर
सागवानाला माझं मत. बल्लारपूर-आलापल्लीचा साग, ज्याला व्यापारी अजून सीपी टीक म्हणतात, सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, प्रांत गेला पण नाव राहिलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये इथूनच लाकूड गेलं. अंगचंच तेल असते, पाण्याला अन् वाळवीला तग धरते. पाऊण-एक इंची फळीत तुमच्या मापाचे १० किलोच्या आसपास होतील.

पण दोन गोष्टी. लाकूड हालते. मे मधली कोरडी हवा अन् जुलैची ओल, यात दीड फुटाच्या रुंदीत दोन-चार मिलीमीटरचा फरक पडते, म्हणून खालून स्क्रूची भोकं लांबट पाडा, गोल पाडून आवळलं तर फळी फाटते. दुसरं, तेल. घरातलं जवसाचं तेल लावू नका, ते आठवडे वाळत नाही, धूळ चिकटवून घेते. पेंटच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळते, ते पातळ हात मारा, वाळू द्या, पुन्हा मारा, तीन-चार हात, अन् नीट वाळेपर्यंत त्यावर कणीक नको. अन् पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे गमतीनं सांगत नाही. जवसाचं तेल वाळताना गरम होते, चिंध्यांचा ढीग असला तर आपोआप पेट घेते. मोकळ्यात पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

सुतारकी_चिमूर
मास्तर बरोबर. फक्त नवा साग घेतला तं ओला नको, सहा महिन्यानं वाकडा होते. जुनं लाकूड भेटलं तं सोनं. सिंकच्या आजूबाजूनं तेलाऐवजी पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश कर.

फिरस्ता_आर्वी
चार दिवसांनी लिहून राहिलो. गोठ्यात आजोबांच्या वाड्याचं कवाड पडून होतं, तीन फळ्यायचं, सव्वा इंच जाड, वरून चुना न खाली शेणाचे थर. बंबात जाणार होतं. घासलं तं आतून काळपट-सोनेरी. आईनं ग्रॅनाइटचा विषय सोडला, म्हणते या दारातूनच मी या घरात आली. शेगडीकडून ३०४ चा कटपीस वीस बाय अठरा इंच भेटला, बिलावर लिहून घेतलं. उद्या रंध्याले नेतो.

सुतारकी_चिमूर
थांब. मशीनवर घालण्याआधी दोन्ही बाजूनं चुंबक फिरव. जुन्या कवाडात खिळे तुटून आत राहतात, एक राहिला का मशीनचं पातं गेलं न मिस्त्री तुलेच पैसे मागन.

फिरस्ता_आर्वी
फिरवला. अकरा निघाले, एक तं घोड्याच्या नालेचा होता.