लिफ्टमधली धून ओळखली नाही म्हणजे कान मेले?

उनाड: 'जुनी कॅसेट' यांनी काल लिहिलं की दुकानात, लिफ्टमध्ये वाजणारी एकही धून आजच्या पोरांना ओळखता येत नाही, "यांचे कान मेलेत". डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, ते संगीत कान देऊन ऐकण्यासाठी नव्हतंच! १९३४ साली निघालेल्या म्युझॅक कंपनीने याचा धंदाच केला. कारखान्यांत, कचेऱ्यांत पंधरा मिनिटं वाजवायचं, जोर वाढवत न्यायचा, मग पंधरा मिनिटं शांतता. कशासाठी? तर कामगार पेंगू नये. गाजलेल्या गाण्यांतले शब्द गाळून नुसती व्हायोलिनं भरायची. तुम्हाला ती ओळखू यायची कारण मूळ गाणं तुमच्या कॉलेजच्या दिवसांतलं. यात कानाची कसली करामत?

जुनी कॅसेट: करामत नाही, सवय. घरात रेडिओ एकच. आजोबांची गाणी वडिलांना, वडिलांची मला पाठ, कोणी न शिकवता. आता नातू माझ्याच शेजारी लिफ्टमध्ये उभा असतो, पण कानात इअरफोनची बोंडं घालून.

उनाड: मग घरातला रेडिओ बंद कोणी केला? नातवाने?

जुनी कॅसेट: उद्धटपणा पुरे.

चिडका बिब्बा: ओळखीचं-अनोळखी राहू द्या, आवाज बघा! मी श्रवणयंत्र लावतो. मागे गाणं सुरू असलं की समोरच्याचं बोलणं त्यात कालवलं जातं. ब्रिटनमध्ये याविरुद्ध 'पाइपडाउन' नावाची चळवळ आहे. आपण मात्र माना डोलावतो.

तिरकी रेघ: दुकानातून निघून तरी जाता येतं. फोनवर होल्डला ठेवतात तेव्हा? बाबांच्या विम्यासाठी चाळीस मिनिटं एकच तुकडा ऐकलाय. आजही कुठे लागला तर पोटात गोळा येतो. ओळखते हो मी धून, कॅसेटकाका!

चिडका बिब्बा: आणि मधेच धून थांबते. वाटतं, आला माणूस. तर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे"!

उनाड: होल्डचा विषय वेगळा आहे.

तिरकी रेघ: वेगळा कसा? तेही लादलेलंच. वर ते खरखरतं, कारण साध्या फोनची लाइन बोलण्यापुरती बेतलेली. ३४०० हर्ट्झच्या वरचं, म्हणजे उंच पट्टीतलं, सगळं छाटलं जातं. जिथे संगीत नीट जातच नाही, तिथे मुद्दाम संगीत!

चिडका बिब्बा: १००% सहमत. माझा तर एकदा तासाभराने फोनच कटला.

उनाड: संपादक, यांना होल्डचा वेगळा धागा काढून द्या. कॅसेटकाका, एका रेडिओमुळे पिढ्या जोडल्या जायच्या, एवढं मान्य. कान मेले हे अमान्य.

जुनी कॅसेट: उपकार झाले. परवा दुकानात मी ऐटीत गाण्याचं साल सांगितलं. नातवाने गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून मोबाइल छतातल्या स्पीकरकडे धरला आणि चूक काढली. त्याला गाणं माहीत नव्हतं, पण खरा तोच ठरला. करा मजा.

चिडका बिब्बा: बघा! मोबाइलला छतावरचं स्पष्ट ऐकू जातं आणि मला समोरचा माणूस नाही. आवाज कमी करा रे.