शब्दचर्चा : वाफसा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न
जून उजाडला की कृषी सल्ल्यात एक वाक्य हमखास असतं : '७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत वाफसा आल्याशिवाय पेरणी करू नये.' वाफसा म्हणजे ओलच ना? मग पावसाचा आकडा दिल्यावर तो वेगळा का सांगतात? मुलीचा जलचक्राचा धडा चालू आहे. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पर्जन्य या साखळीत हा शब्द कुठे बसवायचा, असं तिनं विचारलंय.

प्रतिसाद
ताई, ओल आणि वाफसा एक नव्हेत. पाऊस उघडल्या-उघडल्या रानात ओल भरपूर असते, पण वाफसा नसतो. मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या तेव्हा पाण्यानं भरलेल्या असतात. मग मोठ्या पोकळ्यांतलं पाणी खाली निचरतं, त्यांच्या जागी हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत पाणी धरून राहतं. पाणी आणि हवा दोन्ही जमिनीत असतात, त्या अवस्थेला वाफसा म्हणायचं. शेतीच्या पुस्तकांत याचं ढोबळ माप देतात : निम्मा भाग माती, पाव भाग पाणी, पाव भाग हवा.

हवा का लागते? बी रुजताना श्वास घेतं, मुळंही घेतात. सोयाबीनच्या दाण्याला रुजायला स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं पाणी प्यावं लागतं, पण त्या पाण्याबरोबर ऑक्सिजन मिळाला नाही तर दाणा फुगून तिथंच कुजतो. हवेतून ऑक्सिजन जेवढ्या वेगानं सरकतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश तो पाण्यातून सरकतो. म्हणून डबडबलेल्या रानात पीक पिवळं पडतं. पाणी उशाला असून मुळांना ते नीट घेता येत नाही, कारण पाणी आणि अन्नद्रव्यं ओढायला लागणारी ताकद मुळं श्वसनातूनच मिळवतात.

वाफसा ओळखायला यंत्र लागत नाही. चार बोटं खालची माती मुठीत घेऊन दाबायची. तळव्याला चिखल चिकटला तर थांबायचं. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटून मोकळा झाला, तर वाफसा आला. गोळाच होत नसेल तर ओल उडाली. मुरमाड रानाला हे दिवसाभरात साधतं. काळ्या भारी रानाला उघडीप मिळूनही दोन-चार दिवस लागतात, कारण तिथली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाटा बंद करते. अशा रानात घाईनं तिफण घातली तर माती दाबली जाते, आणि वाळल्यावर ढेकळं विटेसारखी टणक होतात.

प्रतिसाद
आमच्याकडे मराठवाड्यात 'घात' असंही म्हणतात. 'रान घातीवर आलंय', 'घात साधली'. वाफसा ही जमिनीची अवस्था झाली. घात म्हणताना ती अवस्था गाठून काम उरकायची वेळही त्यात येते. घात निघून गेली, असं म्हणतात ते त्यामुळेच.

प्रतिसाद
पण कोकणात आम्ही भाताची लावणी गुडघाभर चिखलात करतो. तिथं वाफसा कुठं असतो?

प्रतिसाद
दादा, भाताची गोष्ट न्यारी. त्याच्या खोडापासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात, पानांकडून आलेली हवा त्यातून खाली पोचते. तूर, हरभरा, सोयाबीन यांना ही सोय नाही. आणि भात कापल्यावर रायगडात त्याच खाचरात वाल पेरतात, तेव्हा मागे उरलेल्या ओलीचा वाफसाच बघावा लागतो की!

आता साखळीबद्दल, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथंच आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ढगातून बाण निघतो, डोंगरावर पाऊस पडतो, नदी समुद्राला मिळते. जमिनीत थांबलेल्या पाण्याला त्या चित्रात फार तर एक लहानसा बाण मिळतो. प्रत्यक्षात जगभरच्या जमिनीवर पडणाऱ्या पावसातला निम्म्याहून बराच अधिक भाग नदीला न मिळता माती आणि झाडांवाटेच परत हवेत जातो. मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं शेकडा ९५ हून जास्त पाणी पानांवाटे बाहेर पडतं, त्याला पुस्तकात बाष्पोच्छ्वास म्हणतात. मुलीला सांगा : पर्जन्य आणि बाष्पोच्छ्वास यांच्या मधल्या मुक्कामात वाफसा बसतो. सोलापूरकडची मालदांडी ज्वारी या मुक्कामावरच वाढते. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात साठते आणि पुढं हिवाळाभर फारसा पाऊस नसतानाही पीक उभं राहतं.

प्रतिसाद
या मुक्कामासाठी मराठीत क्रियापदं भरपूर आहेत, ती मुलीला जरूर शिकवावीत. पाणी जमिनीत जातं ते मुरतं किंवा जिरतं. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेत दुसरं आहे. जिरणं अन्नाचंही होतं, मुरणं लोणच्याचं. फटीतून थोडं थोडं सरकतं ते झिरपतं. दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं ते पाझरतं. नको असलेलं निघून जातं तो निचरा. निचरा बिघडून रान कायम ओलं राहिलं तर ते चिबड झालं. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात हा शब्द रोज कानावर पडतो, आणि त्यामागं जमिनी हातच्या गेलेली कितीतरी घरं आहेत. 'अतिरिक्त पाण्याचे व्यवस्थापन' असं लिहिताना हा शब्द गाळला जातो, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका : वाफसा की वापसा? आणि 'वाफस्यावर' की 'वाफशावर'?

प्रतिसाद
दोन्ही रूपं चालतात. छापील मजकुरात 'वापसा' पुष्कळदा दिसतं. वाफेशी असलेलं नातं कानाला कळावं म्हणून मी 'वाफसा' लिहितो. सामान्यरूप मात्र 'वाफशा-'. पैसा-पैशाला, मासा-माशाला, तसं वाफसा-वाफशाला. क्रियापद 'येणे' किंवा 'होणे' : 'वाफसा आला', 'वाफसा झाला की पेरू'. 'वाफसा पडला' म्हणत नाहीत. पाऊस पडतो, वाफशाची वाट बघावी लागते.