प्रतिसाद: सेवेला शिक्षण लागतं का?

"धड बोलता येत नाही, मी कसली सेवा करणार?" असं वर एका ताईंनी विचारलंय. अहो, बायबलमधल्या मोशे संदेष्ट्यानेही देवाशी हीच हुज्जत घातली होती, जीभ जड आहे म्हणून! देवाने जीभ बदलली नाही, सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला. आणि बायबलमधलाच गिदोन, ज्याला देवाने लढाईचा पुढारी म्हणून निवडलं, तो तर शत्रूच्या, म्हणजे मिद्यानी लोकांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता.

आमच्या परळच्या मंडळीत (चर्चमध्ये) एक मावशी आहेत, सहीच्या जागी अंगठा. चारचौघांत प्रार्थना करायला सांगितली की घाम फुटतो. पण दर गुरुवारी फुटपाथवर मुक्काम टाकलेल्या कॅन्सर पेशंटांच्या नातेवाइकांना पेज वाढतात, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. गेल्या खेपेला धो धो पाऊस. छत्री पातेल्यावर, मावशी चिंब.