पावसाळ्यात लाकडी मुठीचा चाकू जाम होतो, रोज खिशात ठेवणारे काय करता?

कातळसडा:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात राहतो, सुपारी-नारळाची वाडी आणि थोडी हापूसची कलमं. मला घडीच्या चाकूंचा नाद आहे, आतापर्यंत सात जमलेत, घरातले म्हणतात कांदा चिरायला मात्र विळीच लागते मग हे कशाला. असो. रोज खिशात एकच असतो, ओपिनेल ८ नंबर, फ्रान्सचा लाकडी मुठीचा, कार्बन स्टीलवाला (म्हणजे गंजणारं पातं). उन्हाळ्यात मस्त चालला, कैरी चिर, पोत्याची शिवण उसव, सगळं एका हाताने. पण जून लागला आणि मूठ जी फुगली ती फुगलीच. परवा वाडीत मिरीचे वेल बांधत होतो, सुंभ कापायला चाकू काढला तर नख मोडलं पण पातं हललं नाही, शेवटी सुंभ दाताने तोडला. वर पात्यावर तांबूस ठिपके, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यामुळे खारा वारा आहेच.

अजून एक, माळ्यावर आजोबांचा चाकू सापडला, शिंगाची मूठ, छोटंसं पातं, एक बाजू एकदम सपाट आणि दुसरीकडूनच धार, तीही बोथट. कोणीतरी अर्धवट पाजवून सोडलाय असं वाटतं. धारवाल्याकडे देऊन दोन्हीकडून धार लावून घेऊ का? आणि रत्नागिरीला वगैरे जाताना चाकू खिशात असला तर पोलिसांची काही भानगड?

फणसपोळी:
भाऊ तुझा एकट्याचा नाही, त्या चाकूचा हा जन्मजात आजार आहे. मूठ बीचच्या लाकडाची, बीच म्हणजे समुद्राचा नव्हे, त्या नावाचं झाड असतं, ते पाणी पितं आणि फुगतं, मग मुठीतली पातं घडी होऊन बसायची खाच पात्याला आवळून धरते. फ्रान्सच्या सावोय भागात १८९० साली हा चाकू निघाला, तिथल्या लोकांनाही हाच त्रास, म्हणून त्यांची एक युक्ती आहे. आधी पुढची धातूची कडी फिरवून तिची फट खाचेसमोर आण (ती कडी १९५५ मध्ये आली, त्याआधी लॉकच नव्हतं), मग मुठीचं शेपूट दगडावर टक्कन आपट. पातं थोडं वर येतं, तेवढं चिमटीत धरून उघडायचं. नखाने ओढूच नकोस.

कायमचा इलाज पुढच्या मे महिन्यात. मूठ उन्हात खडखडीत वाळव, पॉलिश पेपर दुमडून खाचेच्या आतून दोन-चार वेळा फिरव, जास्त नको नाहीतर उन्हाळ्यात पातं लटलट हलेल, आणि मग लाकडात अळशीचं तेल जिरव. खोबरेल नको, ते सुकत नाही. अळशीचं आत जाऊन घट्ट होतं. पात्याला मात्र खोबरेलच लाव, खाण्याच्या वस्तू कापतोस ना, मशीनचं तेल कशाला.

तांबूस ठिपके घासून काढ. पण कैरी कापून पातं काळं-निळं पडतं ना, त्याला हात लावू नकोस, तो थर गंज थोडा तरी रोखतो. पहिल्या एक-दोन कैऱ्यांना लोखंडाची चव येते, त्या स्वतः खायच्या, पाहुण्यांना द्यायच्या नाहीत.

घोवभाट:
माका एक सांग, कमरेक आकडी आणि आकडेत कोयती आसताना ह्यो चाकू व्हयो कशाक? आमच्या लोहारान ट्रकाच्या पाट्याची करून दिलेली कोयती पंधरा वर्सां चलता, पावसात आपटूक नको आणि अळशीचा त्याल नको. फ्रान्साक नारळ सोलतत काय?

फणसपोळी:
घोवभाटानू, बँकेत कोयती घेऊन जाता काय तुम्ही? 😄

घोवभाट:
जातंय मा, भायर गाडयेर ठेवतंय.

ब्रेकवॉटर:
कायद्याचं थोडक्यात सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या कामाची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. तुझं पातं साडेआठ सेंटीमीटर, म्हणजे साडेतीन इंचही नाही. पण सणासुदीला, निवडणुकीत जिल्ह्यात मनाई आदेश निघतो तेव्हा सुरे, चाकू, लाठ्या काठ्या बाळगायलाही बंदी येते, तेवढे दिवस चाकू घरी. पेपरात बातमी येते, बघत जा. संग्रहात रामपुरी असेल तर तो कपाटातच बरा, खटका दाबून पातं उघडणाऱ्या माणसाला मी वेल बांधतो म्हणून कोण ऐकणार.

आणि विमानाने जाणार असशील तर केबिन बॅग तीनदा तपास. माझा लाल स्विस चाकू, बोटाएवढा, दहा वर्षं किल्ल्यांच्या जुडग्यात होता, एकदा चेक-इनच्या बॅगेत टाकायचा विसरलो आणि सिक्युरिटीवाल्यांनी माझ्यादेखत डब्यात टाकला. त्यात त्यांची काही चूक नाही पण अजून वाईट वाटतं.

कोयकलम:
अरे थांब थांब, तो आजोबांचा चाकू धारवाल्याकडे देऊ नकोस!! एक बाजू सपाट, दुसरीकडूनच धार म्हणजे अर्धवट पाजवलेला नाही, तो कलमं बांधायचा चाकू असणार. दोन्हीकडून धार असली की काप घेताना पातं वळतं आणि काप सपाट येत नाही, मग चांगल्या आंब्याची काडी आणि खालचं रोप यांची साल नीट चिकटत नाही, मधे फट राहते, कलम मरतं. आमची नर्सरी आहे, नवीन पोराला आम्ही पहिलं हेच शिकवतो. वर धारवाल्याच्या चाकावर पातं तापतं, ठिणग्या उडतात आणि पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरतं, मग कितीही घास, धार टिकत नाही. घरीच पाण्याच्या दगडावर उताराची बाजू सावकाश घास, शेवटी सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून एकदाच फिरव, धारेवर वळलेली बारीक कड, म्हणजे बूर, निघेल. शिंगाच्या मुठीला थोडं तेल, आणि उन्हात ठेवू नकोस, तडकते.

आजोबा कलमं बांधायचे का? घरात विचार.

कातळसडा:
विचारलं. आई म्हणाली मग काय तर, मागच्या परड्यातली जुनी हापूसची झाडं त्यांनीच भेटकलमाने केलेली, रोपाचं मातीचं मडकं फांदीला बांधून ठेवायचे आणि आम्हा पोरांना त्याच्या आसपास खेळू द्यायचे नाहीत. मी त्या झाडांचे आंबे चाळीस वर्षं खातोय आणि चाकू माळ्यावर. दगड मागवलाय.

ओपिनेल चिऱ्याच्या पायरीवर आपटला, दुसऱ्या ठोक्याला पातं बाहेर! घोवभाट, कोयती पण आहे हो कमरेला, आकडी आजोबांचीच.

@कोयकलम, बोटाला चिकटपट्टी लावून बसू की तुमच्याकडे येऊन एकदा बघू?

कोयकलम:
ये की. आत्ताच ये, कोय कलमं (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर बांधतात ती) चालू आहेत, रोपांचं पान अजून तांबूस आहे तोवर बांधायची असतात. चाकू घेऊन ये, आणि चिकटपट्टीही आण.